खोके नव्हे, आतला नायक पारखा

जालन्याच्या बाजारात आयर्न मॅन दोनशे रुपयांतही मिळतो आणि दोन-तीन हजारांतही. मोबाइलवरून मागवायची तयारी असेल तर तीस-चाळीस हजारांचाही घरपोच येतो. पहिला प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेला असतो, दुसरा खिडकीच्या खोक्यात उभा असतो, तिसरा जाड पुठ्ठ्याच्या पेटीत फोमच्या खाचेत निजवलेला असतो. तिघांच्या छातीवर तोच गोल दिवा आणि तिघांचा रंग तोच, लाल-सोनेरी. घेणारा मात्र बहुतेक वेळा खोकेच वाचतो: सिनेमाचे नाव काय, कंपनी कोणती, होलोग्राम आहे का, सील फुटलेले तर नाही ना. आतल्या फिगरकडे नीट पाहायचे राहूनच जाते. घरी आल्यावर काही जण खोके उघडतही नाहीत, कारण उघडले की किंमत उतरते, असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते.

ही सवय मोडायला हवी. सुपरहिरोची फिगर हा पोरखेळ राहिलेला नाही. शिकणारी, नोकरी करणारी मुले पगारातून पैसे बाजूला टाकून या फिगर घेतात, जपतात, आपसांत विकतात. त्यांनी दर्जा ठरवायचा तो फिगरच्या अंगावर ठरवावा. चेहरा कोणाचा वाटतो, सांधे धरतात की लोंबतात, दोन पायांवर उभी राहते का, रंग कुठे थांबायचा तिथे थांबला आहे का, आणि मराठवाड्यातले दहा उन्हाळे काढल्यावर तिचे काय होईल, हे पाच प्रश्न आधी. किंमत, परवाना आणि खोके त्यानंतर.

अ‍ॅक्शन फिगर हा प्रकार १९६४ सालचा. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने बारा इंची सैनिक बाजारात आणला, त्याचे नाव जी. आय. जो. मुलगे बाहुली घेणार नाहीत, या धास्तीने कंपनीने या प्रकाराला ‘अ‍ॅक्शन फिगर’ हे नवे नाव दिले. सत्तरच्या दशकात मेगो कंपनीने कापडी पोशाखातले आठ इंची सुपरहिरो काढले. १९७८ मध्ये केनरने ‘स्टार वॉर्स’च्या पावणेचार इंची फिगर आणल्या आणि सिनेमा व खेळणे यांची कायमची गाठ पडली. आजचा संग्राहक ज्यांच्यावर पोसला गेला त्या ‘मार्व्हल लेजंड्स’ या सहा इंची फिगर टॉय बिझने २००२ मध्ये सुरू केल्या आणि २००७ पासून त्या हॅस्ब्रोकडे आल्या. दुसऱ्या टोकाला हाँगकाँगची हॉट टॉइज आहे. २००० साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या फिगर माणसाच्या एक षष्ठांश मापाच्या, म्हणजे साधारण तीस सेंटिमीटर उंच असतात.

वीतभर उंचीच्या मूर्तीतले कसब ओळखणे जालना जिल्ह्याला नवे नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत. केळणा नदीकाठच्या या गावात १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक भग्न स्त्रीमूर्ती हाती आली. तिचे भावंड शोभेल अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले ते शहर. ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाणारी ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशीच एक मराठवाड्यातल्या तेरलाही मिळाली. या साम्यामुळे पाँपेईची मूर्ती दख्खनच्या या पट्ट्यातूनच गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

पाँपेईची ती मूर्ती जेमतेम २५ सेंटिमीटरची आहे, पण तिच्यावरून आजही खूप शिकण्यासारखे आहे. दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका, हातापायांत दागिन्यांच्या रांगा, आणि पाठीवर रुळणारी वेणीसुद्धा तितक्याच मन लावून कोरलेली. डोक्यातून खाली भोक पाडले आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. बैठकीखाली खरोष्ठी लिपीतली खूण आहे. पाठ कोरताना कारागिराने हात आखडता घेतला नाही, म्हणून ती कुठूनही पाहिली तरी पूर्ण वाटते. सुपरहिरोची फिगर हातात आली की तीही आधी उलटी करून पाहावी. स्वस्त साच्यात सगळी मेहनत छातीवर होते आणि पाठ सपाट राहते. चांगल्या फिगरमध्ये चिलखताचे पत्रे पाठीवरही एकमेकांत बसलेले दिसतात, झग्याच्या चुण्या खांद्यापासून निघून वजनाने खाली ओढल्यासारख्या पडतात. पायाच्या तळव्यावर किंवा मांडीमागे कंपनीचे नाव, साल आणि परवान्याची ओळ उठवलेली असते. ते साल बहुधा साचा तयार झाल्याचे असते, फिगर कारखान्यातून कधी निघाली त्याचे नव्हे. ‘मेड इन चायना’ असे लिहिलेले दिसले म्हणून माल डुप्लिकेट ठरवू नये. अस्सल फिगरही बहुतांश तिथेच बनतात.

आता चेहरा. गणपती घ्यायला गेलेले मराठी माणूस मूर्तिकाराच्या ओटीवर वीस मूर्ती पाहते आणि एकीपाशी थांबते. थांबण्याचे कारण विचारले तर उत्तर बहुतेक वेळा एकच येते, डोळे. डोळ्यांच्या आखणीला मुरलेला हात लागतो, हे घराघरात ठाऊक आहे. तीच नजर फिगरला लावायची. सहा इंची फिगरचे डोके दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर असते. त्यावर डोळ्याचे बुबुळ भरते जेमतेम एक मिलिमीटर. हे डोळे पॅड प्रिंटिंगने उमटवले जातात: कोरलेल्या पत्र्यावरची शाई मऊ सिलिकॉनचा गोळा उचलतो आणि चेहऱ्यावर टेकवतो. गोळा अर्धा मिलिमीटर सरकला की नायक चकणा होतो. म्हणून एकाच दुकानात, एकाच खोक्यातल्या दोन स्पायडरमॅनमध्ये नसला तरी मुखवटा काढलेल्या आयर्न मॅनच्या, म्हणजे टोनी स्टार्कच्या, दोन फिगरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. मुखवटा असलेला नायक कंपनीच्या चुका झाकतो आणि उघडा चेहरा त्या चव्हाट्यावर आणतो.

गेल्या काही वर्षांत हॅस्ब्रोने नटाच्या चेहऱ्याची छपाई थेट प्लास्टिकवर करायला सुरुवात केली. भिंगाखाली पाहिले तर गालावर बारीक रंगीत ठिपके दिसतात, आणि हातभर अंतरावरून ते मिसळून कातडीसारखे भासतात. पूर्वीच्या सपाट गुलाबी चेहऱ्यांपुढे ही मोठी मजल आहे. पण छपाई कितीही चांगली असली तरी खालचे कोरीवकाम चुकले असेल तर चेहरा परकाच राहतो. ‘द डार्क नाइट’मधल्या जोकरची फिगर काढताना हॉट टॉइजने डोळ्यांची बुबुळे वेगळी बसवली. डोक्याचा भाग काढून आतून ती फिरवता येतात, त्यामुळे नजर डावीकडे वळते, वर जाते. मराठी प्रेक्षकाला यातले मर्म वेगळे सांगायला नको. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’साठी रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचू तीस वर्षांनीही लहान मुलांना ओळखता येतो. चेहऱ्यात स्वभाव उतरला की बाहुलीला सिनेमाच्या पोस्टरचा आधार लागत नाही. म्हणून चेहऱ्याची परीक्षा सोपी आहे. खोके बाजूला ठेवावे, पोशाख हाताने झाकावा आणि सिनेमा पाहिलेल्या कुणालाही विचारावे, हा कोण?

सांध्यांची परीक्षा हाताने होते. चांगल्या सहा इंची फिगरला कोपर आणि गुडघा इथे दुहेरी सांधे असतात, त्यामुळे मूठ खांद्यापर्यंत येते. खांदा पुढे ओढता आला तर दोन्ही हात छातीसमोर जुळतात. घोटा बाजूलाही कलत असेल तर पाय फाकवून उभे केल्यावर तळवा जमिनीला पूर्ण टेकतो. सांधा फिरवताना तो थोडा अडायला हवा आणि सोडला की जागेवर थांबायला हवा. वजनदार फिगरमध्ये दातेरी सांधे असतात, ते कट-कट असा आवाज करत पुढे सरकतात. कोपराच्या बाजूला खिळ्याचे गोल टोक दिसत असेल, आणि त्याचा रंग हाताच्या रंगाशी जुळत नसेल, तर त्या फिगरची रचना जुनी आहे किंवा तिथे पैसे वाचवले आहेत. अलीकडच्या बऱ्याच फिगरमध्ये ही खिळी आत लपवलेली असते. शेवटची कसोटी उभे राहण्याची. आधार न देता सपाट फरशीवर ठेवावी, दार आपटले तरी पडू नये.

या बाबतीत भारताचे स्वतःचे एक उदाहरण आहे, आणि ते गोव्याशी जोडलेले आहे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी १९८७ मध्ये मिळून सुरू केलेल्या फनस्कूलचा कारखाना गोव्यात आहे. या कंपनीने हॅस्ब्रोच्या साच्यांतून जी. आय. जोच्या पावणेचार इंची फिगर भारतात बनवल्या. नव्वदच्या दशकात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलांची अ‍ॅक्शन फिगरशी पहिली ओळख तीच. अमेरिकेत कधी न निघालेल्या रंगसंगती फनस्कूलने वापरल्या, त्यामुळे परदेशातले संग्राहक आजही त्या शोधत असतात. त्या फिगरच्या पाठीत एक छोटा स्क्रू असतो. तो काढला की धड दोन भागांत उघडते आणि आत एक काळी रबरी ओ-रिंग दिसते. मांड्यांना जोडलेला धातूचा आकडा तिच्यात अडकवलेला असतो, आणि तिच्या ताणावरच कंबर सगळ्या बाजूंना फिरते. वीस-पंचवीस वर्षांत रबर कडक होऊन तुटते आणि फिगर कमरेत सुटते. पण त्या मापाची नवी ओ-रिंग बसवून स्क्रू आवळला की सैनिक पुन्हा उभा राहतो. आजच्या महागड्या फिगरमध्ये खांद्याचा सांधा आत मोडला तर तो उघडायला जागाच नसते. दुरुस्त होणे हासुद्धा दर्जाचाच भाग आहे, आणि हल्लीच्या कंपन्यांना याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

रंगाकडे पाहताना दोन रंग जिथे भेटतात ती रेघ पाहावी. कॅप्टन अमेरिकाच्या छातीवरचा तारा, आयर्न मॅनच्या मांडीवरचा सोनेरी पत्रा, वंडर वूमनच्या पट्ट्याची कड, इथे रंग बाहेर ओघळला आहे का, की आत प्लास्टिक उघडे राहिले आहे? मग पायांच्या आतल्या बाजूने बोट फिरवावे. साच्याचे दोन भाग मिळतात तिथली रेघ बोटाला लागत असेल तर घासकाम झालेले नाही. तिसरी गोष्ट खोक्यातून दिसत नाही, पण महत्त्वाची आहे. प्लास्टिक मुळातच लाल असेल तर ओरखडा उठून दिसत नाही. करड्या प्लास्टिकवर लाल रंग चढवला असेल तर गुडघा चार वेळा दुमडला की करडे वर येते. पोज बदलायची म्हणून घेतलेली फिगर पोज बदलल्यानेच खराब होत असेल, तर ती पहिल्या दिवशी कितीही देखणी दिसली तरी हलकीच.

आपल्याकडच्या हवामानाचा विचार तर कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो. मे महिन्यात जालन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छताखालची खोली त्याहून तापते. फिगरचे झगे, चेहरे, पोटऱ्या बहुधा मऊ पीव्हीसीच्या असतात आणि सांधे कडक प्लास्टिकचे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेला द्रव हळूहळू पृष्ठभागावर येतो. उष्णतेत तो लवकर येतो, अंग चिकट होते आणि त्यावर धूळ बसते. बारीक घोट्यांची फिगर उन्हाळाभर एकाच पोजमध्ये उभी राहिली तर पुढे झुकते. तिला गरम पाण्यात काही क्षण धरून सरळ करावे आणि लगेच थंड पाण्यात बुडवावे, म्हणजे आकार धरून राहतो. सील न फोडल्याने हा द्रव बाहेर येणे थांबत नाही, उलट आत काय चालले आहे ते कळतही नाही. महागड्या फिगरच्या जॅकेटला कृत्रिम चामडे असते, त्याचा धोका आणखी वेगळा. पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने फुटत जातो आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. मुंबई-कोकणात हे लवकर घडते. तीस हजार मोजणाऱ्याने फिगरच्या अंगावर कापड आहे, खरे चामडे आहे की त्याची नक्कल आहे, हे आधी विचारलेच पाहिजे.

बाजारभावाला दर्जा समजण्याची चूक जगभर होते. अमेरिकेत फिगर तपासून शंभरपैकी गुण देणाऱ्या आणि तिला अ‍ॅक्रिलिकच्या डबीत बंद करणाऱ्या संस्था आहेत. खोक्यातल्या फिगरचे गुण ठरवताना पुठ्ठ्याचे कोपरे आणि वरचे पारदर्शक कवच हेही मोजले जाते. २०२४ मध्ये ‘स्टार वॉर्स’मधल्या बोबा फेटचा एक नमुना लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. त्याच्या पाठीवरून रॉकेट सुटत असे आणि मुलांच्या घशात अडकेल या भीतीने केनरने तो विक्रीला आणलाच नाही. त्याची किंमत दुर्मीळपणाची आहे. बोबा फेटचे कोरीवकाम, रंग किंवा सांधे यांचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. गुंतवणूक म्हणून खोकी साठवणाऱ्याने साठवावीत, तो एक स्वतंत्र व्यवहार आहे. पण त्या व्यवहाराचे नियम जालन्यातल्या कॉलेजच्या मुलाने दर्जाचे नियम म्हणून उचलू नयेत. त्याची फिगर फळीवर उभी राहणार आहे आणि तो ती हाताळणार आहे.

सरकारी शिक्क्याचेही नेमके मोल समजून घ्यायला हवे. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातली आयात खेळणी तपासली, त्यातली सुमारे ६७ टक्के नापास झाली. त्यानंतर आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० आणि पुढे २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हे पाऊल योग्यच होते. हे चिन्ह सांगते की धारदार कड नाही, अगदी लहान मुलांच्या खेळण्यात गिळता येईल असा सुटा भाग नाही, रंगात शिसे मर्यादेबाहेर नाही. लहान मूल असलेल्या घरात त्या चिन्हाशिवाय फिगर आणूच नये. पण सक्ती आहे ती १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना. संग्राहकांच्या कित्येक फिगरवर १५ वर्षांपुढचे वय छापलेले असते. शिवाय सुरक्षित असणे आणि चांगले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिन्ह असलेला आयर्न मॅनही चकणा आणि लोंबत्या हातांचा असू शकतो. ते पाहण्याचे काम सरकारचे नाही, घेणाऱ्याचे आहे.

या पारखीला आज एक वेगळे महत्त्व आले आहे. आयात घटली आहे, निर्यात वाढली आहे, परदेशी कंपन्यांसाठी खेळणी भारतात बनू लागली आहेत. बेळगावजवळ विमानांचे सुटे भाग बनवणारी एक्वस कंपनी कर्नाटकातच कोप्पळला खेळणी बनवू लागली आहे. फिगरचा जीव असतो साच्यात, आणि साचे घडवण्याचे शिक्षण देणारे इंडो-जर्मन टूल रूम जालन्यापासून साधारण साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला आहे. प्लास्टिकचे रसायन समजायला रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर खुद्द जालन्यात आहे. पोलाद ओतणारे आणि बियाण्यांचा बाजार उभा करणारे हे शहर आहे. कारखानदाराला चिकाटीने दर्जा राखायला लावतो तो चिकित्सक गिऱ्हाईक, आणि तो तयार करण्याचे काम कुठल्याही अनुदानाची वाट न पाहता आजच सुरू होऊ शकते.

त्यासाठी तीन गोष्टी व्हायला हव्यात. दुकानदारांनी प्रत्येक प्रकारची एक फिगर उघडी, हाताळायला ठेवावी. साडीच्या दुकानात घडी मोडून दाखवतात, मग तीन हजारांच्या वस्तूला हात का लावू देऊ नये? संग्राहक मुलांनी फिगर विकताना फक्त ‘सील पॅक’ असे न लिहिता सांध्यांचा, रंगाचा, चिकटपणाचा खरा तपशील आणि चारही बाजूंचे फोटो द्यावेत. आणि पालकांनी मुलाच्या हातात नवा नायक देताना किंमत सांगण्याऐवजी त्याला विचारावे: याचा हात वर राहतो का, हा एका पायावर उभा राहतो का, याच्या पाठीवर काय कोरले आहे? दहा वर्षांचे पोर या प्रश्नांची उत्तरे शोधायला लागले, तर पुढच्या वेळी ते दुकानात खोक्याच्या रंगाला भुलणार नाही आणि हलका माल निमूट परत ठेवील. असे शंभर मुलगे-मुली तयार झाले की हलका माल मागवताना दुकानदारही दोनदा विचार करील.